देवमाशाला ‘व्हेल मासा’ कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘व्हेल माशाची उलटी जप्त, दोघे ताब्यात’ अशा मथळ्याची बातमी आली होती. तिच्यावर एका वाचकांनी पाठवलेले पत्र आपण सोमवारी छापले. व्हेल हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, तेव्हा ‘देवमासा’ हा शब्द अशास्त्रीय ठरतो, शिवाय त्यात ‘देव’ आल्यामुळे तो अंधश्रद्धेला खतपाणी घालतो, म्हणून पाठ्यपुस्तकांतून आणि वृत्तपत्रांतून तो काढून टाकावा आणि ‘व्हेल’ हा आंतरराष्ट्रीय शब्द रूढ करावा, असा त्या पत्राचा सारांश आहे. पत्रलेखकांचा हेतू चांगला आहे आणि प्राणिशास्त्राची त्यांची बाजूही बरोबर आहे. भाषेविषयीची त्यांची विधाने मात्र मला पटली नाहीत. आयुष्याची चौतीस वर्षे मी मुद्रितशोधनात घालवली आहेत, त्यामुळे कोणी एखाद्या शब्दावर काट मारू लागले की माझा हात आपोआप समासाकडे जातो. हे पत्र त्या सवयीतूनच लिहीत आहे. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी आपल्या मथळ्याबद्दल. ‘देवमासा’ या शब्दातल्या मासा या भागाला शास्त्राचा आक्षेप आहे आणि देव या भागाला पत्रलेखकांचा. ‘व्हेल मासा’ लिहिताना आपण देव काढला आणि मासा तसाच ठेवला; म्हणजे शास्त्राने ज्यावर बोट ठेवले तेच राखले आणि शब्दाचे मराठीपण तेवढे घालवले. ‘पिवळा पीतांबर’ म्हणणाऱ्याला आपण हसतो, पण तो पीतांबर निदान पिवळा तरी असतो. एका दैनिकात नोकरीला असताना मी हा शब्द अनेकदा खोडून ‘देवमासा’ केला आणि रात्रपाळीच्या उपसंपादकांनी तितक्याच वेळा तो पूर्ववत केला. ‘व्हेल म्हटले की लोकांना कळते’ हे त्यांचे कारण. लोकांना कळते हे खरेच, परंतु ‘देवमासा’ नेमका कोणत्या लोकांना कळत नाही, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितले नाही.

आता शास्त्राकडे येतो. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते, मादी जिवंत पिल्लाला जन्म देते आणि त्याला दूध पाजते. यांतल्या बऱ्याच गोष्टी ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नोंदवून ठेवल्या होत्या, आणि लिनीअसने १७५८ साली आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्यांना माशांच्या रकान्यातून उचलून सस्तन प्राण्यांच्या रकान्यात बसवले. तरीही शास्त्रज्ञाने रकाना बदलला म्हणून बोलणाऱ्यांनी लगेच आपला शब्द बदलला, असे कोठेच झाले नाही. लिनीअसनंतर साठ वर्षांनी, डिसेंबर १८१८ मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयात या एकाच प्रश्नावर खटला चालला होता. मत्स्यतेलाच्या पिंपांची तपासणी करून घेतली पाहिजे असा तेथे कायदा होता. सॅम्युअल जुड नावाच्या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची ३ पिंपे तपासणीवाचून खरेदी केली, तेव्हा जेम्स मॉरिस या तपासनिसाने दंडाच्या ७५ डॉलरांसाठी त्याच्यावर दावा लावला. देवमासा हा मुळात मासाच नाही, तर त्याच्या तेलाला मत्स्यतेलाचा कायदा कसा लागेल, असा जुडचा बचाव होता आणि सॅम्युअल मिचिल या त्या काळच्या नामवंत निसर्गशास्त्रज्ञांनी त्याच्या बाजूने साक्षही दिली. ज्यूरीने पाव तासात निकाल दिला, तो मॉरिसच्या बाजूने: कायद्याच्या लेखी देवमासा हा मासाच. पुढे तेथील विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून देवमाशाचे तेल त्यातून वगळले. दुरुस्ती कायद्यात झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कोणी इंग्रजी भाषा दुरुस्त करायला निघाले नाही.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्या मासळी बाजारात कोळंबी, चिंबोऱ्या आणि तिसऱ्या यांतले काहीच प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मासा नाही, तरी मासे आणायला पाठवलेला माणूस कोळंबी घेऊन परत आला तर घरात कोणी त्याला वर्गीकरण शिकवत नाही. बोलीत मासा म्हणजे पाण्यात राहणारा, पोहणारा, बहुधा खाल्ला जाणारा जीव. भुईमूग हा मूग नाही, तारामासा हा मासा नाही आणि पाणघोडा तर घोडा नाहीच. गंमत अशी की आज हयात असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडाच आहे, असे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे मासा नसलेल्या माशाचा चुलतभाऊ घोडा नसलेला घोडा. पत्रलेखकांना शुद्धीकरण करायचेच असेल तर दोघांचे एकदमच करावे लागेल.

ज्या ‘व्हेल’ शब्दाला ते शास्त्रीय समजतात, तोही काही प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘ह्वॅल’ असे होते. जर्मनमधला ‘वाल’ आणि डॅनिशमधला ‘ह्वाल’ ही त्याचीच भावंडे, आणि लॅटिनमध्ये कसल्याशा मोठ्या समुद्री माशाला ‘स्क्वालुस’ म्हणत, त्याच्याशी या कुळाचे नाते असावे असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. थोडक्यात, उत्तर समुद्रातल्या मच्छीमारांनी आणि खलाशांनी एका अजस्र जलचराला दिलेले ते नाव आहे. त्यांनाही तो मासाच वाटला होता. डच भाषेत आजही देवमाशाला ‘वालव्हिस’ म्हणतात आणि जर्मन बोलणारा माणूस सहज ‘वालफिश’ म्हणून जातो, आणि या दोन्ही शब्दांचा उत्तरार्ध म्हणजे सरळ मासा. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला माहीत झालेल्या वालरस आणि नारव्हाल या दोन प्राण्यांच्या नावांतही हाच शब्द दडलेला आहे. वालरसचे जुन्या इंग्रजीतले नाव ‘घोडा-व्हेल’ अशा अर्थाचे होते, आणि नारव्हाल या नावात प्राचीन नॉर्स भाषेतला प्रेतवाचक शब्द आहे, कारण त्या प्राण्याची पांढुरकी, ठिपक्याठिपक्यांची कातडी बुडून मेलेल्या माणसासारखी दिसते. ही नावे ठेवणाऱ्यांची कल्पनाशक्ती दांडगी होती, पण तिला शास्त्रीय म्हणता येणार नाही. जाता जाता एक सांगतो: हिंदीवाले ‘ह्वेल’ लिहितात आणि आपण ‘व्हेल’ लिहितो. आपण आजच्या इंग्रजी स्पेलिंगमागे गेलो आणि हिंदीवाले नकळत हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी उच्चाराजवळ जाऊन पोचले.

हा शब्द आंतरराष्ट्रीय आहे, असे म्हणायलाही जागा नाही. फ्रेंच माणूस ‘बालेन’ म्हणतो, स्पॅनिश ‘बायेना’ म्हणतो, आणि रशियन ‘कीत’ म्हणतो. हा रशियन शब्द ग्रीकांच्या ‘केतोस’पासून, म्हणजे समुद्रातल्या राक्षसी जीवापासून आला आहे. प्राणिशास्त्रात या गणाला जे सीटेशिया हे नाव आहे, तेही त्याच राक्षसापासून निघाले आहे. दूर कशाला, बंगालीत या प्राण्याला ‘तिमी’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘तिमिंगिल’ म्हणतात, आणि तेलुगू, तमिळ व मल्याळम या तिन्ही भाषांत थोड्याफार फरकाने ‘तिमिंगलम’ म्हणतात. त्यांची मुले जीवशास्त्रात आपल्या मुलांच्या मागे पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या तिमीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. संस्कृत वैयाकरण या शब्दाचा संबंध भिजणे या अर्थाच्या ‘तिम्’ धातूशी जोडतात. अमरकोशाच्या वारिवर्गात रोहित, शकुल अशा माशांच्या ओळीत तिमी येतो आणि त्याच्या पाठोपाठ तिमिंगिल, म्हणजे तिमीला गिळणारा. त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल असतो, असे सांगणारा ‘अस्ति मत्स्यस्तिमिर्नाम’ हा श्लोक अनेकांना पाठ असेल. त्यात तिमीची लांबी शंभर योजने आहे, म्हणजे ही सगळी हकिगत किनाऱ्यावर बसून ऐकलेली. परंतु रघुवंशाच्या तेराव्या सर्गात कालिदासाने जे लिहिले आहे ते ऐकीव वाटत नाही. लंकेहून परतताना पुष्पक विमानातून राम सीतेला समुद्र दाखवतो आणि सांगतो की हे तिमी नदीच्या मुखाशी तोंड उघडून जीवजंतूंसकट पाणी आत घेतात, तोंड मिटतात आणि आपल्या सच्छिद्र मस्तकांतून, ‘शिरोभिः सरन्ध्रैः’, पाण्याचे प्रवाह वर फेकतात. डोक्यावरचे ते छिद्र म्हणजे देवमाशाची नाकपुडी. तिच्यातून वर उडतो तो मुख्यतः त्याच्या उच्छ्वासातला दमट वाफारा असतो, तोंडात घेतलेले पाणी नव्हे, एवढी दुरुस्ती आज आपण सुचवू शकतो. पण पाण्यासकट बारीक जीव तोंडात घेऊन मग तोंड मिटणे, हे दात नसलेल्या देवमाशांच्या खाण्याचे वर्णन म्हणून आजही चालून जावे. आणि या प्राण्याला कालिदासकाळातले कोशकार मासाच म्हणत होते. नाव माशाचे असले म्हणून पाहणाऱ्याची नजर अधू होत नाही.

मराठीने मात्र तिमिंगिल उचलला नाही. तिने स्वतःचा शब्द घडवला आणि तो अस्सल मराठी वळणाचा आहे. संस्कृत ‘मत्स्य’चा प्राकृतात ‘मच्छ’ झाला. हिंदीने तो ‘मछली’त सांभाळला, मराठीने त्यातल्या ‘च्छ’चा ‘स’ केला आणि आपल्याला ‘मासा’ मिळाला. ज्या वाटेने हिंदीत ‘बछड़ा’ आणि मराठीत ‘वासरू’, किंवा हिंदीत ‘पूछना’ आणि मराठीत ‘पुसणे’ झाले, तीच ही वाट. व्हेलच्या पिल्लाला इंग्रजीत वासराचा शब्द वापरतात म्हणून हल्ली एखाद्या भाषांतरित मजकुरात ‘व्हेलचे वासरू’ही वाचायला मिळते. ते कृपा करून पिल्लूच राहू द्यावे.

राहिला ‘देव’. मराठीत हा शब्द एखाद्या नावाच्या आधी लागला की त्याचा अर्थ दर वेळी पूजा असा होत नाही. देवदार, देवबाभूळ, देवकापूस ही नावे घेणारा शेतकरी हात जोडून घेत नाही. असा ‘देव’ कधी थोराईचा असतो, तर कधी ‘माणसाने न लावलेले, माणसाच्या मालकीचे नसलेले’ एवढेच सांगतो. देवराई या शब्दात तो दुसरा अर्थ स्पष्ट दिसतो, आणि देवराईचे नाव अंधश्रद्धेपायी पडले म्हणून तिला ‘संरक्षित वनखंड’ म्हणा, अशी मागणी अजून कोणा पर्यावरणवाद्याने केलेली नाही. उलट ते लोक तो शब्द अभिमानाने मिरवतात. देवमाशातही थोराई आणि ‘हा आपला नव्हे, याच्या वाटेला जायचे नाही’ असे दोन्ही अर्थ मिसळलेले असावेत, असे मला वाटते. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचे कोळी देवमाशाला ‘का ओंग’ म्हणतात. ‘का’ म्हणजे मासा, आणि ‘ओंग’ हा आजोबांना किंवा थोर पुरुषाला उद्देशून वापरायचा आदराचा शब्द. किनाऱ्याला लागलेल्या मृत देवमाशाची हाडे ते देवळात जतन करून ठेवतात. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन किनाऱ्यांवरच्या दर्यावर्दी लोकांना या प्राण्यासाठी जवळपास एकच नाव सुचले, ही मला तरी शब्द काढून टाकण्याजोगी गोष्ट वाटत नाही.

अशास्त्रीय शब्द शोधायचाच असेल तर तो आपल्या मथळ्यात वेगळ्या ठिकाणी होता. ‘उलटी’ हाच तो शब्द. आपण ज्याला उलटी म्हणता तो पदार्थ स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. माकुल हे या देवमाशाचे मुख्य खाद्य, आणि माकुलाची पोपटासारखी टणक चोच त्याला पचत नाही. अशा चोचींभोवती आतड्यात मेणचट पदार्थाचे थर साचत जाऊन त्याचा गोळा होतो. तो तोंडावाटे नव्हे तर विष्ठेच्या वाटेने बाहेर पडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या गोळ्याला अरबीत ‘अनबर’ म्हणतात, आणि अत्तरांच्या व्यापारातून तोच शब्द ‘अंबर’ होऊन आपल्याकडे कधीचा येऊन बसला आहे. इंग्रजी ‘अँबरग्रिस’ म्हणजे मूळ फ्रेंचमधला ‘करडा अंबर’, तोही त्याच अरबी शब्दाचा वंशज. इतका जुना, तीन अक्षरी, मथळ्यात आनंदाने मावेल असा शब्द हाताशी असताना आपण दर महिन्या-दोन महिन्यांनी पहिल्या पानावर उलटी छापतो आणि शेजारी तिची किंमत कोटींत देतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली स्पर्म देवमासा संरक्षित आहे आणि त्याचा अंबर बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, ही माहिती बहुधा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात, तीही जागा उरली तर, येते.

प्राण्यांच्या बाबतीतली गफलत याहून गंभीर आहे. ‘व्हेल शार्क’ हा खराखुरा मासा, जगातला सर्वांत मोठा. त्याला कल्ले असतात आणि त्याचा देवमाशाशी आकारापलीकडे काही संबंध नाही. २००१ पासून त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. तरी जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क मच्छीमारांनी सोडून दिला की बातमीत कधी ‘व्हेल मासा’ सुटतो तर कधी ‘देवमासा’. दुसऱ्या बाजूला ‘किलर व्हेल’ हा डॉल्फिनच्या कुळातला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर जो प्रचंड मृत देवमासा वाहून आला, त्याच्या जातीचे नाव काही बातम्यांत ‘ब्राइड्स व्हेल’ असे आले. नॉर्वेच्या योहान ब्रूडे यांच्या नावावरून ती जात ओळखली जाते, तिचा नवरीशी काही संबंध नाही. ‘ब्रूडेचा देवमासा’ लिहिले असते तर उच्चाराचा प्रश्नही मिटला असता. जातीचे विशेषनाव परके राहू द्यावे आणि सामान्यनाव आपले वापरावे, ही साधी रीत आहे: निळा देवमासा, स्पर्म देवमासा, ब्रूडेचा देवमासा. अर्थपानावर बिटकॉइनचे मोठे साठे बाळगणाऱ्यांना हल्ली ‘व्हेल’ म्हणतात, त्यांच्यासाठी मात्र ‘देवमासा’ खर्ची घालू नये. ‘बडी धेंडे’ हा शब्द त्यांना पुरेसा आहे.

मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात आजोळी गेलो होतो. गुहागर तालुक्यातले ते गाव. एका सकाळी खारवीवाड्याच्या खालच्या पुळणीवर मेलेला देवमासा लागला आणि सगळे गाव तिकडे धावले. वास असा होता की माझ्या मामीने पदर नाकावरून काढला नाही. आम्हा मुलांना तांडेलमामांनी, म्हणजे वाड्यातल्या सर्वांत वयस्क तांडेलाने, हाताला धरून शेपटीकडे नेले. ते कधी शाळेत गेले नव्हते. ती दोन फाळांची शेपटी वाळूवर सपाट पसरली होती. तिच्यावर हातातली काठी आडवी ठेवून ते म्हणाले, “भाच्या, ही शेपटी बघ, आडवी हाय. माशाची उभी असते. मासा शेपूट डावी-उजवीकडं मारतो, ह्यो खाली-वर मारतो. ह्याला वर येऊन दम घ्यावा लागतो, आपल्यासारखाच.” मग डोक्याकडे नेऊन त्यांनी वरची दोन छिद्रे दाखवली आणि आपल्या नाकाला हात लावला. आसपासच्या बायकांनी नारळ आणि हळदकुंकू आणले होते. दोन पावसाळे गेल्यावर त्याचा एक मणका मामाच्या पडवीत आला आणि कित्येक वर्षे त्यावर बसून आम्ही आंबे खाल्ले. तो मासा नव्हे, हे मला प्राणिशास्त्राच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी तांडेलमामांनी शिकवले होते, आणि शिकवत असताना ते त्याला देवमासाच म्हणत होते.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, रत्नागिरी